बाबांच्या एंट्रीला खोडकिडा

तुम्ही चहा घ्या, तोवर सांगतो. लाजायचं काही कारण उरलेलं नाही. माझ्या वाट्याची लाज होती तेवढी मी गेल्या मंडईच्या जत्रेला आमच्या धानाच्या बांधावर सांडून आलोय. फक्त एक अट आहे. मध्येच कोणी "पण मग सीड्या कुठं होत्या?" असं विचारायचं नाही. तो प्रश्न सगळ्या पाहुण्यांनी, सोयऱ्यांनी आणि एका कुल्फीवाल्यानं विचारून झालेला आहे.

तर मी तुमसरला एका राईस मिलमध्ये कम्प्युटरवर काम करतो. धानाचा काटा झाला की बिल काढायचं, संपलं काम. पण सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात याचा अर्थ असा घेतला जातो की प्रमोदला कम्प्युटरातलं सगळं कळतं. कोणाचा मोबाईल अडला, कोणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या, की बोलवा प्रमोदला. आता दहा लोक हुशार म्हणायला लागल्यावर अकरावा कोण म्हणणार? आपणच की!

मिलच्या शेठनं ऑफिसातले जुने कम्प्युटर बदलले. त्यात एक अगदी चिमुकला होता, जेवणाच्या डब्याएवढा. भंगारात जायच्या आधी मी तो मागून घेतला. कारण माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. (किड्यांचा विषय पुढं येणारच आहे, जरा धीर धरा.) मला घरचा मीडिया सर्व्हर बनवायचा होता.

सर्व्हर म्हटल्यावर घाबरू नका. लहानसा कम्प्युटर कोपऱ्यात चोवीस तास चालू ठेवायचा, त्याला एक मोठी हार्ड डिस्क जोडायची आणि घरातले फोटो, लग्नांची शूटिंग, गाणी, सिनेमे, सगळं त्यात भरून टाकायचं. मग वायफायवरून टीव्हीवर पाहा, मोबाईलवर पाहा. हार्ड डिस्क नागपूरहून जुनीच आणली. डब्याच्या पंख्याचा घरघर आवाज यायचा म्हणून तो काढून टाकला आणि हवा खेळावी म्हणून खाली मायची जुनी चाळणी पालथी घातली. झाला सर्व्हर तयार! मी बायकोला, म्हणजे शालूला, मोठ्या तोऱ्यात सांगितलं की याला वीज लागते फक्त एका बल्बाएवढी.

"मंग बल्बच लावा ना," ती म्हणाली. "उजेड त पडंल."

मायला मात्र सर्व्हर पहिल्या दिवसापासून आवडला. पंखा काढल्यामुळं तो वरून छान कोमट राहायचा. दिवाळीच्या तोंडावर थंडी पडायला लागली होती आणि मायचं दही नीट लागत नव्हतं. तिनं सरळ विरजणाचं भांडं सर्व्हरवर ठेवलं. सकाळी पाहतो तर दही कसं, सुरीनं कापावं असं! आळीतल्या बायकांना तिनं सांगितलं की पोरानं दह्याची मशीन आणली. मी समजवायला गेलो, पण दही खाता खाता कोणाला किती समजावणार?

आता बाबांकडे येऊ, कारण खरा मामला त्यांचाच आहे.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. बाजार भरतो, दंडारीची नाचगाण्याची सोंगं होतात, घराघरात पाहुणे येतात आणि रात्री नाटक. आमचे बाबा, श्रावणबाबा, या मंडईच्या नाटकांतले जुने नट. आणि त्यांचे जोडीदार बपेऱ्याचे तानबाकाका. स्टेजवर बाबा जहागीरदार, तर तानबाकाका त्याच्यावर उठलेला बंडखोर. दोघांची दोस्ती अशी की एकाच्या घरी भाजी चांगली झाली तर वाटी दुसऱ्याच्या गावाला जायची. पण एका गोष्टीवरून दोघांत भांडण होतं, आणि ते माझ्या लग्नाच्याही आधीपासून चालत आलं होतं.

झालं होतं असं की बपेऱ्याच्या एका मंडईत, दरबाराच्या ऐन प्रसंगात, दोघांपैकी एक जण संवाद विसरला. स्टेजवर सगळं चिडीचूप. तेव्हा दुसऱ्यानं प्रसंग सावरून घेतला. तलवार आपटून तो गरजला, "बोल ना! दातखिळी बसली काय?" हे वाक्य नाटकात नव्हतंच. पण त्यावर अशी टाळी पडली की आजही त्या भागातली म्हातारी माणसं ती सांगतात. फक्त ते वाक्य कोण बोललं, हे कोणालाच आठवत नाही. बाबा म्हणतात मी बोललो, तानबा भुलला होता. तानबाकाका म्हणतात मी बोललो, श्रावण भुलला होता.

तुम्ही म्हणाल, पुरावा? होता ना पुरावा! तुमसरच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्यानं ते नाटक कॅमेऱ्यात घेतलं होतं आणि त्याच्या सीड्यांचा एकच संच करून आमच्या घरी दिला होता. दोघांनी त्या पाहिल्याही होत्या, वेगवेगळ्या वेळी, आपापल्या माणसांत बसून. आणि दोघांनाही त्यात आपणच खरे दिसले होते. पुढं आमचा सीडी प्लेअर बिघडला, त्यावर मायनं गहू निवडायची परात ठेवली, आणि निकाल तसाच लटकून राहिला.

बाबांचं आता वय झालंय. नाटक सुटलं, आवाज बसला. राहिलंय ते एवढंच, की ती टाळी माझी होती. म्हणून मी त्यांना म्हटलं, या मंडईला तानबाकाकांना घरी बोलवा. माझ्या सर्व्हरवरून सगळ्यांसमोर मोठ्या टीव्हीवर नाटक लावतो, होऊन जाऊ दे फैसला. बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! त्याच दिवशी फोन गेला बपेऱ्याला. पैज ठरली की जो हरेल त्यानं संध्याकाळी मंडईच्या स्टेजवर माईक धरून कबूल करायचं, "त्या दिवशी मी भुललो होतो." माईकवर हं! नटाला याच्याहून मोठी शिक्षा नाही.

मिलमध्ये राहून गेलेल्या एका जुन्या कम्प्युटरला सीडी घालायची खाच होती. घरातल्या सगळ्या सीड्या पिशवीत भरून मी तिथं नेल्या. बाबांच्या नाटकाच्या, बहिणीच्या लग्नाच्या, आमच्या लग्नाच्या, बारशाच्या आणि कृषी केंद्रवाल्यानं औषधासोबत फुकट दिलेली एक. एकेक सीडी घालायची आणि आतली फाईल हार्ड डिस्कवर एकाच खणात, म्हणजे फोल्डरात, टाकायची. खणाला नाव दिलं 'बाबा'.

आता नीट ऐका, इथंच माझी अक्कल गहाण पडली.

त्या जमान्याच्या व्हिडिओ सीडीत आतल्या फाईलचं नाव ठरलेलं असायचं. लग्न असो, बारसं असो, नाटक असो, सगळ्या सीड्यांत नाव तेच. वर्गातल्या सगळ्या पोरांचं नाव गणेश असावं तसं. हे मला माहीत नव्हतं. दुसरी सीडी घातल्यावर कम्प्युटरनं विचारलं, या नावाची फाईल इथं आधीच आहे, तिच्या जागी नवी ठेवू का? मी 'हो' दाबलं. तिसरीला परत विचारलं, परत 'हो'. तुम्ही म्हणाल, वाचलं नाही का? अहो, मिलमध्ये बिल काढताना कम्प्युटर सारखं काहीतरी विचारत असतो. नक्की ना? खरंच ना? बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, हमाल ओरडत असतात, वाचत कोण बसतो? कम्प्युटरनं विचारलं की 'हो' म्हणायचं, हा आमचा मिलचा रिवाज!

थोडक्यात, प्रत्येक सीडी आधीच्या सीडीला गिळत गेली. आणि मी शेजारी बसून चिवडा गिळत गेलो.

काम संपल्यावर खणात पाहिलं तर एकच फाईल. इथं तरी शंका यावी की नाही? मला आला तो अभिमान! मी म्हटलं, वा रे वा, सर्व्हरनं सगळं जोडून एकच करून टाकलं, किती सुटसुटीत! तरी तपासायचं म्हणून ती लावून पाहिली. सगळ्यात शेवटी घातलेली कृषी केंद्रवाली सीडी सुरू झाली. अगदी स्वच्छ चित्र, पानावरचा दवबिंदूसुद्धा दिसत होता. मी म्हटलं, ही चालते म्हणजे मागच्याही चालत असतील. शितावरून भाताची परीक्षा! आम्ही धानवाले लोक, दुसरी कुठली परीक्षा करणार?

घरी आलो तर माय वावरातल्या पाखरांच्या नावानं बोटं मोडत होती. भारी, म्हणजे उशिरा पिकणारं धान भरायला लागलं होतं आणि चिमण्यांचे थवे लोंब्यांवर तुटून पडत होते. आमच्याकडे यावर उपाय म्हणजे जुन्या सीड्या. बांबूला सुतळीनं टांगल्या की वाऱ्यानं फिरतात, चमकतात, पाखरं बिचकतात. शालू म्हणाली, आधी टीव्हीवर सगळं लावून पाहा, मग सीड्या द्या. मी तिला म्हटलं, कम्प्युटरच्या कामात बायकांनी बोलू नये. हे वाक्य ती आजही मला शब्द न चुकवता म्हणून दाखवते.

मी स्वतः गेलो वावरात. बाबांचं नाटक, बहिणीचं लग्न, माझं लग्न, सगळं हौसेनं एकेका बांबूवर टांगून आलो. वर मायला सांगितलं की आता सीड्यांची गरजच संपली.

मंडईचा दिवस उजाडला. टीव्ही ओसरीवर मांडला. बाबांनी केस काळे केले होते, कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. तानबाकाका बपेऱ्याहून पांढरंशुभ्र धोतर नेसून, काठी टेकत आले. अंगणात पाहुणे, शेजारी, पोरंसोरं मावेनात. बाहेर मंडईला निघालेला कुल्फीवालासुद्धा गाडी थांबवून बसला.

मग मी उभा राहिलो. गपगुमान सुरू करायचं ना? नाही! कमरेवर हात ठेवून मी भाषण दिलं. सर्व्हर म्हणजे काय, वीज किती कमी लागते, कमी खर्चात कसा बनवला, डबा किती लहान, आणि आता आपल्या घरचा ठेवा कसा कायमचा सुरक्षित झाला. 'कायमचा सुरक्षित' हे शब्द मी दोनदा वापरले. मायनं दह्याचं भांडं आदरानं बाजूला घेतलं. मी रिमोट दाबला.

बाबा सरसावून बसले. पडद्यावर हिरवंगार शेत आलं. आणि एका धानाच्या काडीवरून, बैलाएवढी मोठी दिसणारी एक अळी वळवळत वर चढायला लागली. मागून गंभीर आवाज आला, "हा आहे धानाचा प्रमुख शत्रू, खोडकिडा."

तानबाकाकांनी चष्मा पुसला, पुढं वाकून पाहिलं आणि म्हणाले, "श्रावण, एंट्री तुहीच दिसते. चाल तेच हाये."

अंगण खो-खो हसलं. बाबासुद्धा हसले. मी म्हटलं, ही जाहिरात आहे, नाटक पुढं आहे. पुढं ढकललं तर तुडतुडे आले. आणखी पुढं ढकललं तर फवारणीचा पंप. आणखी ढकललं तर धन्यवाद! आणि पडदा काळा. मी परत पहिल्यापासून लावलं. परत अळी. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा लहान पोरांना संवाद पाठ झाले होते.

तो खण, ती एकच फाईल, ते सारखं विचारणं, आणि माझं 'हो', 'हो', 'हो'... सगळं एकदम डोक्यात लख्ख झालं. शालूनं हळू आवाजात विचारलं, "सीड्या?" आणि अख्खं अंगण मान वळवून वावराकडे पाहायला लागलं.

निघाली वरात! पुढं बाबा, मागं काठी टेकत तानबाकाका, मग पाहुणे, पोरं आणि शेवटी कुल्फीवाला. हलकं धान कापून झालं होतं, भारी उभं होतं, आणि त्यात जागोजागी सीड्या लुकलुकत होत्या. लांबून फार सुंदर दिसत होत्या हो. जवळ गेल्यावर कळलं. मधल्या पावसानं आणि उन्हानं वरचा चमकता पापुद्रा सोलवटून निघाला होता, काहींतून तर आरपार दिसत होतं. पेननं लिहिलेली नावं धुऊन गेली होती. एका बांबूवर सीडीच्या अगदी शेजारी एक चिमणी निवांत बसली होती. म्हणजे त्याही कामाच्या राहिल्या नव्हत्या.

शालूनं विचारलं, आपल्या लग्नाची पण यातच का? मी मान हलवली. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर खोचला. लग्न झालेल्यांना मी हे समजावून सांगायची गरज नाही.

तानबाकाकांनी एक सीडी हातात घेऊन डोळ्यांजवळ धरली. म्हणाले, "यात मलेच माहा चेहरा दिसून राहिला. पुरावा झाला, मी जितलो." लोक हसले, पण बाबा या वेळी हसले नाहीत. ते एकेका बांबूपाशी जाऊन सीडी उलटीसुलटी करून पाहत होते. मग एक हातात घेऊन बांधावर बसले आणि नुसते तिच्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचं नाटक मी पुसलं होतं, आणि वर कमरेवर हात ठेवून भाषण दिलं होतं. खरं सांगतो, रडायलाच आलं मला.

तेव्हा तानबाकाका पुढं आले. काठीनं बाबांच्या पायाला टोचून म्हणाले, "उठ श्रावण. सीडी गेली त गेली. आपून त जित्ते आहोत ना?"

"मंग?" बाबा म्हणाले.

"मंग काय, कर एंट्री. कोण भुलते ते आता साऱ्याईले दिसंल."

बाबा उठले. मग खांद्यावरचा दुपट्टा झटकून शालीसारखा पांघरला, तानबाकाकांची काठी तलवारीसारखी हातात घेतली, आणि अहो, बसलेला तो आवाज कुठून उठला देव जाणे! धानाच्या बांधावर जहागीरदार उभा राहिला. काठीवाचून तानबाकाका ताठ झाले. संवादाला संवाद भिडला. पोरं चूप, बाया चूप, कुल्फी वितळतेय तिकडे कुल्फीवाल्याचं लक्ष नाही.

आणि आली ती जागा. दरबाराचा प्रसंग. बाबा थांबले. तानबाकाका थांबले. बाबा त्यांच्याकडे पाहतायत, ते बाबांकडे. दोघंही विसरले, की दुसरा विसरेल म्हणून वाट पाहत होते, हे मला आजवर कळलेलं नाही. क्षण जाईना. एक बगळा उडून गेला, तरी दोघं तसेच. मला तो ताण सहन होईना आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बोला ना! दातखिळी बसली काय?"

ज्या वाक्यासाठी दोन म्हातारे इतकी वर्षं भांडले, ते वाक्य मी बोललो होतो. आणि टाळी? अशी पडली की उरलीसुरली पाखरं उडाली!

दोघंही एकदम माझ्याकडे वळले. बाबा म्हणाले, "तू चूप राय." तानबाकाका म्हणाले, "आमाले दातखिळी म्हणते, पाय याले." मग एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दोघं घराकडे चालायला लागले. वाटेत हसत होते. कोणाला, ते सांगायला नको.

संध्याकाळी पैजेप्रमाणं माईक आला. स्टेजवर दोघंही चढले. बाबांनी माईक धरला. "इतके वरीस झगडा होता, कोण भुलला. आज फैसला झाला. ना मी भुललो, ना तानबा भुलला. जे होतं ते माह्या पोरानं पुसलं." लोक हसून हसून बेजार. मग तानबाकाकांनी कमरेवर हात ठेवून माझं भाषण सुरू केलं. लहान डबा, कमी वीज, कायमचा सुरक्षित! आणि बाबा जमिनीवर वळवळत अळीची एंट्री करू लागले. नटांना एकदा टाळी लागली की थांबवणार कोण? रात्रीच्या नाटकाचा पडदा त्यामुळं उशिरा उघडला.

कोणीतरी ते सगळं मोबाईलवर घेतलं. दुसऱ्या दिवशी बाबा मोबाईल घेऊन माझ्यासमोर उभे. म्हणाले, हे तुह्या डब्ब्यात टाक. मी टाकलं. कम्प्युटरनं जे जे विचारलं ते आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. शिवाय पेनड्राईव्हवर एक, मिलमध्ये एक आणि शालूच्या मोबाईलमध्ये एक, अशा प्रती करून ठेवल्या. माझी फजिती आता खरोखरच कायमची सुरक्षित आहे.

आमच्या सर्व्हरवर आजही दोनच व्हिडिओ आहेत. पाहुणे आले की बाबा स्वतः रिमोट घेतात. पडद्यावर शेजारी शेजारी दोन चौकोन येतात, एकात खोडकिडा, दुसऱ्यात मी, म्हणजे माझ्या सोंगातले तानबाकाका. परवा शालूचे मामा आले होते. दह्याची वाटी हातात घेऊन त्यांनी विचारलं, हे काय आहे?

बाबा म्हणाले, "दोन्ही किडेच हायेत. एक धान खाते, एक नाटक."

मामांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दह्याचा एक घास घेतला आणि विचारलं, "धानवाल्याची दवाई त भेटते. याच्यावर काय फवारता?"